धूर हा अग्नीचा धर्म नव्हे

न्यायशास्त्राच्या विद्यार्थ्यास अनुमान शिकवितांना जो पहिला दृष्टांत सांगतात, तो डोंगरावरील धुराचा. डोंगरावर धूर दिसला कीं तेथें अग्नि असला पाहिजे, असें आपण ताडतों. कारण धूर आणि अग्नि यांचें साहचर्य आपण स्वयंपाकघरांत, म्हणजे शास्त्रकारांच्या भाषेंत महानसांत, नित्य पाहिलेलें असतें. इतका भाग शाळेंतील लहान मुलासहि कळतो. परंतु त्याच्या पुढचा पाठ अधिक मार्मिक आहे. धुरावरून अग्नीचें अनुमान करतां येतें. अग्नीवरून धुराचें मात्र करतां येत नाहीं. तापून लाल झालेल्या लोखंडाच्या गोळ्यांत अग्नि आहे, पण धूर नाहीं. मग धूर येतो कोठून? नैयायिक सांगतात कीं ओल्या सरपणाशीं अग्नीचा संयोग झाला म्हणजे धूर होतो. अशा अटीला ते ‘उपाधि’ म्हणतात, आणि सतराव्या शतकांतील अन्नंभट्टाच्या तर्कसंग्रहांत उपाधीचें उदाहरण म्हणून हेंच दिलेलें आहे. याचा अर्थ असा कीं, धूर हा अग्नीचा धर्म नव्हे. तो सरपणाचा आणि आपल्या व्यवस्थेचा दोष आहे.

हा पाठ आपल्या घराण्यांतून कित्येक पिढ्या म्हटला गेला. ओटीवर बसून मुलें अनुमानाचीं वाक्यें घोकीत होतीं, आणि त्याच घराच्या मागच्या सोप्यांत सासवा-सुना फुंकणी तोंडाला लावून डोळे पुशीत होत्या. महानस हें शास्त्रांत उदाहरण म्हणून आलें. त्या महानसांत बसलेली बाई मात्र शास्त्रांत आली नाहीं. ओलें सरपण हें धुराचें कारण, इतकें कळल्यावर तें कारण दूर कसें करावें, हा पुढचा प्रश्न फारसा कोणीं विचारला नाहीं. जळणापासून उष्णता आणि शक्ति अधिक स्वच्छ रीतीनें व कमी नासाडींत कशी काढावी, हा आज जगांतील मोठमोठ्या शास्त्रज्ञांच्या विचाराचा विषय झाला आहे. त्या विषयाचें मूळ आपल्या चुलींत आहे, आणि तो समजण्यास त्रैराशिकापलीकडील गणिताची गरज नाहीं. म्हणून वाचकांपुढें तो यथामति मांडीत आहों.

आमचें पाटण सातारा जिल्ह्याच्या पश्चिम अंगास, कोयना आणि केरा या नद्यांच्या संगमावर वसलेलें आहे. शक्तीच्या दृष्टीनें पाहिल्यास या तालुक्याइतका उदार तालुका महाराष्ट्रांत क्वचितच सांपडेल. कोयनानगराजवळ अडविलेलें पाणी सह्याद्रीच्या पोटांतून पश्चिमेकडे वळविलें आहे. तें साडेचारशें मीटरांहून अधिक उंचीवरून पोफळीच्या बाजूस उतरतें आणि यंत्रें फिरवितें. १९६२ सालीं तेथील पहिलें यंत्र सुरू झालें, आणि आज सर्व टप्पे मिळून कोयना प्रकल्पाची क्षमता सुमारें १,९६० मेगावॅट आहे. या विजेसाठीं एक काडीहि जाळावी लागत नाहीं. वनकुसवड्याच्या पठारावर पवनचक्क्यांच्या रांगा उभ्या आहेत. तेथेंहि जळण नाहीं व धूर नाहीं. परंतु याच तालुक्यांत, डोंगराच्या कुशींतील वाड्यांवर भल्या सकाळीं नजर टाकावी. कौलांच्या फटींतून निळसर धूर निघत असतो, आणि डोंगरावरील धुरावरून अग्नीचें अनुमान करण्याचा शास्त्रोक्त योग पाटणकरांस अद्याप रोज येतो. ज्या खोऱ्यानें आपलीं गांवें शिवसागराच्या पाण्याखालीं देऊन दूरच्या शहरांत दिवे लाविले, त्याच खोऱ्यांत फुंकणी अजून हातावेगळी झालेली नाहीं.

आतां लाकूड जळतें म्हणजे काय होतें, हें पाहूं. आपणांस वाटतें कीं ज्वाला लाकडाची असते. वस्तुतः ती लाकडाची नसते. लाकूड तापूं लागलें म्हणजे प्रथम त्यांतील पाण्याची वाफ निघून जाते. उष्णता आणखी वाढली कीं लाकडाच्या घटकांचें विघटन होऊन ज्वालाग्राही वायु आणि डांबरी वाफा बाहेर पडतात. कोरड्या लाकडाच्या वजनाचा सुमारें तीनचतुर्थांश भाग या रूपानें निघतो. हे वायु हवेंत मिसळून जळतात, ती ज्वाला. शेवटीं उरतो तो कोळसा, आणि तो निखाऱ्याच्या रूपानें सावकाश जळतो. जे वायु पुरेशी हवा न मिळाल्यामुळें, किंवा चुलीची जागा पुरेशी तापलेली नसल्यामुळें, पेट न घेतांच निसटतात, ते निवतात व त्यांचे सूक्ष्म थेंब आणि कण होतात. त्यांत ज्वालेंतून अर्धवट जळून आलेली काजळी मिसळते. या सर्वांस मिळून आपण धूर म्हणतों. म्हणजे धूर हें जळून झाल्यावर उरलेलें उच्छिष्ट नव्हे. तें बहुतांशीं न जळलेलें जळणच आहे. ज्यानें लाकूड विकत घेतलें त्यानें धूरहि विकत घेतला, आणि तो घरच्या मंडळींच्या डोळ्यांत घातला.

याची प्रचीति पाहण्यास प्रयोगशाळा नको. मेणबत्ती विझवावी, वातीवरून पांढऱ्या धुराची रेघ वर जाऊं लागते. त्या रेघेला, वातीपासून बोटभर अंतरावर, पेटती काडी लावावी. ज्वाला धुराच्या वाटेनें खालीं उतरून वात पुन्हां पेटविते. धूर हें जळण नसतें तर असें झालें नसतें. दुसऱ्या महायुद्धाच्या काळांत पेट्रोल दुर्मिळ झालें, तेव्हां आपल्याकडे मोटारींना मागें किंवा बाजूस कोळशाची उंच भट्टी जोडून, तींत अर्धवट जळणाऱ्या कोळशाचा वायु काढून त्यावर गाड्या चालवीत. जुन्या मंडळींच्या बोलण्यांत त्या ‘कोळशाच्या मोटारीं’ची आठवण आम्हीं पुष्कळदां ऐकली आहे. अर्धवट जळल्यानें निघणारा जो वायु आपण घराबाहेर घालविण्याची खटपट करतों, तसल्याच वायूवर त्या काळीं उतारूंनीं भरलेली गाडी घाट चढत होती.

तेव्हां पहिलें काम, जळण पुरतें जाळणें. त्यास चार गोष्टी लागतात. जळण कोरडें हवें; हवा बेताची व योग्य जागीं मिळाली पाहिजे; चुलीची पोकळी चांगली तापलेली हवी; आणि वायूस जळण्यापुरता अवकाश मिळाला पाहिजे. ज्वाला थंड भांड्याच्या बुडास लागली कीं ती अर्ध्यांत विझते व काजळी धरते, हें प्रत्येक गृहिणीस ठाऊक आहे. दुसरें काम, जी उष्णता निघाली ती भांड्यांत शिरेल असें करणें. येथें आमच्या घरांतील जुन्या तांब्याच्या बंबाचा गौरव केला पाहिजे. बंबाच्या मधोमध नळी असते, नळींत विस्तव असतो आणि सभोंवार पाणी असतें. विस्तवानें कोणत्याहि बाजूस तोंड फिरविलें तरी त्याला पाणीच भेटतें. विलायतेंत १८२९ सालीं स्टीफन्सनचें ‘रॉकेट’ हें आगगाडीचें इंजिन शर्यतींत जिंकलें, त्यामागें हेंच तत्त्व होतें. त्याच्या बाष्पकांत एका नळीऐवजीं पुष्कळ बारीक नळ्या घालून पाण्याचा आणि उष्णतेचा संबंध वाढविला होता. उघड्या चुलीवर मात्र भांड्याचें बुड तेवढें तापतें. बाकीची उष्णता भिंती, छप्पर आणि बाईचें तोंड तापविण्यांत जाते.

हिशेब करून पाहिल्याविना शाळामास्तराचें समाधान होत नाहीं. म्हणून एक उदाहरण घेऊं. एक लिटर पाणी एक अंशानें तापविण्यास जी उष्णता लागते ती एक किलोकॅलरी. एका माणसाच्या स्नानासाठीं २० लिटर पाणी २० अंशांवरून ६० अंशांवर न्यावयाचें आहे. तर २० गुणिले ४०, म्हणजे ८०० किलोकॅलरी लागतील. एक किलो कोरड्या लाकडांत सुमारें ४,००० किलोकॅलरी असतात. म्हणजे पाव किलोपेक्षांहि कमी, अवघें २०० ग्रॅम लाकूड पुरावें. परंतु तीन दगडांच्या उघड्या चुलीची कार्यक्षमता शेंकडा १० च्या आसपास असते. म्हणून प्रत्यक्षांत दोन किलो लागतें. दहा माणसांच्या एकत्र कुटुंबांत केवळ स्नानाच्या पाण्यासाठीं रोज २० किलो लाकूड होतें. त्यांतील दोन किलोंचें काम झालें. अठरा किलो धुराडें, भिंती आणि आकाश यांच्या स्वाधीन झाले. वीस किलो म्हणजे डोंगरांतून एका बाईनें चुंबळीवर वाहून आणलेली एक मोळी. ज्यांनीं तें ओझें कधीं उचललें नाहीं त्यांनाच हा हिशेब किरकोळ वाटेल.

चुलीची कार्यक्षमता शेंकडा २५ पर्यंत नेली तर तेंच काम आठ किलोंत होतें. स्वयंपाकाच्या गॅसची शेगडी सुमारें शेंकडा ६० कार्यक्षम असते, आणि त्या गॅसच्या एका किलोंत ११,००० किलोकॅलरींच्या आसपास उष्णता असते. म्हणून एका स्नानास १२० ग्रॅम गॅस पुरतो. वाचकांच्या ध्यानांत येईल कीं, येथें फरक केवळ जळणाच्या जातीचा नाहीं. जळण वायुरूप असलें म्हणजे तें हवेंत पुरतें मिसळतें आणि पुरतें जळतें, हें खरें मर्म आहे. चुलीचें काम लाकडाचा वायु करून तो जाळण्याचें असतें. तें तिला नीट साधत नाहीं, म्हणून तिचा धूर होतो.

या नासाडीची दुसरी बाजू आम्हीं घरांत पाहिली आहे. आमच्या मातुःश्रींनीं पन्नास वर्षें चूल सांभाळली. साठीनंतर त्यांस दम लागूं लागला. पावसाळ्यांत रात्र रात्र बसून काढावी लागे. तपासण्यास आलेल्या डॉक्टरांनीं छातीला नळी लावतांच पहिला प्रश्न केला, “आजी विडी ओढीत होत्या काय?” ज्या बाईनें जन्मांत तंबाखूचें पान हातीं धरलें नव्हतें, तिच्याविषयींचा हा प्रश्न ऐकून घरांतील मंडळी चपापली. डॉक्टरांनीं मग समजावून सांगितलें कीं, वर्षानुवर्षें चुलीचा धूर छातींत गेला म्हणजे फुप्फुसांची तीच गत होते. लाकडाचा धूर आणि विडीचा धूर यांत छाती भेद करीत नाहीं. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजाप्रमाणें २०२० या एका वर्षांत घरगुती धुरामुळें जगांत सुमारें ३२ लक्ष माणसें मृत्यु पावलीं. त्यांत घरांत अधिक वेळ असणाऱ्या स्त्रिया आणि मांडीवरचीं मुलें यांस धोका विशेष. आमच्या घरच्या जुन्या वह्यांत लाकडाच्या गाड्यांचे पैसे आण्या-पैसह लिहिलेले आहेत. मातुःश्रींचा खोकला कोणत्याहि वहींत लिहिलेला नाहीं.

चुलींत सुधारणा करण्याचे प्रयत्न झाले नाहींत असें नाहीं. १९८३ सालीं केंद्र सरकारनें सुधारित चुलींचा देशव्यापी कार्यक्रम हातीं घेतला. गांवोगांव धुराड्याच्या, दोन वैलांच्या ‘निर्धूर चुली’ बसविल्या गेल्या. कार्यक्रम २००२ सालीं आटोपला, आणि बसविलेल्या चुलींपैकीं पुष्कळ त्याच्या आधींच मोडून किंवा पडून राहिल्या होत्या. धुराड्यांत काजळी सांचून तें तुंबे. तें झाडण्याचें काम कोणाचें हें ठरलेलें नसे. चुलीचें तोंड मोठ्या भाकरीच्या तव्यास जुळत नसे, म्हणून घरची बाई तें फोडून मोठें करी आणि हवेची सारी वाट बिघडे. यांत अज्ञान बाईचें नव्हतें. जिला रोज त्या चुलीवर भाकऱ्या थापावयाच्या, तिला विचारल्याविना चूल ठरविली गेली, हा त्यांतला दोष. जें साधन वापरणाराच्या हातास बसत नाहीं, त्याची कागदावरील कार्यक्षमता कागदावरच राहते.

सातारा जिल्ह्यांतील फलटण येथें या बाबतींत जें काम झालें तें म्हणून अधिक लक्षांत घेण्यासारखें आहे. तेथील निंबकर कृषि संशोधन संस्थेंत उसाच्या पाचटासारख्या हलक्या, भुसभुशीत जळणापासून वायु काढून तो जाळणाऱ्या भट्ट्यांवर प्रयोग झाले. डॉ. आनंद कर्वे यांनीं १९९६ सालीं ‘आरती’ या नांवानें ओळखली जाणारी ग्रामीण तंत्रज्ञानाची संस्था काढली. ऊस तुटून गेल्यावर शेतांत पाचट उरतें व शेतकरी तें जागच्या जागीं पेटवून देतो, हें आपण सर्वांनीं पाहिलें आहे. या संस्थेनें तें बंद पिंपांत भाजून त्याचा कोळसा करण्याची रीत बसविली. भाजतांना निघणारा वायु बाहेर न सोडतां तोच पिंपाखालीं जाळून पुढील भाजणीस उष्णता पुरवावयाची, अशी त्यांतील युक्ति आहे. कोळशाचा भुगा चिकटवून कांड्या करतात, आणि त्यांवर चालणाऱ्या लहान बंद कुकरांत सुमारें १०० ग्रॅम कोळशांत पांच माणसांचा वरणभात शिजतो. या कामाबद्दल संस्थेस २००२ सालीं विलायतेंतील ॲश्डेन पारितोषिक मिळालें.

२००६ सालीं त्याच संस्थेस तेंच पारितोषिक पुन्हां मिळालें, तें घरगुती गॅसच्या लहान संयंत्राबद्दल. गोबर-गॅस आमच्या भागांत जुना आहे. शेणाच्या शेणी लावून जाळल्या तर शेंकडा १० च्या आसपास उष्णता कामीं येते, आणि खत तर मुळींच उरत नाहीं. तेंच शेण पाण्यांत कालवून बंद टांकींत ठेविलें, तर हवेविना जगणारे सूक्ष्म जंतु त्यांतून मिथेन वायु काढतात. तो निळ्या ज्योतीनें, धुराविना जळतो, आणि मागें उरलेला राबडा खत म्हणून शेताला पडतो. एकाच शेणांत सरपणहि आणि खतहि. मात्र शेण हें गुराच्या पोटांतून आधींच एकदां पचून आलेलें असतें. म्हणून त्यांतून वायु निघण्यास चाळीसेक दिवस लागतात आणि रोज तीन-चार गुरांचें शेण लागतें. कर्व्यांचा विचार साधा होता. जंतूंना उष्टें पचलेलें खाणें देण्यापेक्षां पिष्टमय खाणेंच कां देऊं नये? खरकटें, भाताची पेज, किडकें धान्य, सडकीं फळें असें कांहीं घातलें तर वायु कांहीं दिवसांतच निघूं लागतो व टांकी लहान पुरते. ज्या घरीं गोठा उरला नाहीं, पण माणसें आहेत, त्या घरास हा उपाय सोयीचा.

चुलीवरून आतां मोठ्या यंत्रांकडे वळूं. कारण जें चुलीला लागू, तें कारखान्यालाहि लागू. फ्रान्समध्यें सादी कार्नो नांवाच्या अठ्ठावीस वर्षांच्या तरुणानें १८२४ सालीं एक लहानसें पुस्तक छापलें. त्यांतून निघालेला सिद्धांत असा कीं, उष्णतेचें कामांत रूपांतर करतांना कांहीं भाग थंड बाजूस सोडून द्यावाच लागतो. कितीहि निर्दोष यंत्र केलें तरी हा कर चुकत नाहीं. उष्ण बाजू जितकी अधिक उष्ण, तितका कर कमी. म्हणून नवीं वीजगृहें अधिकाधिक दाबाची आणि उष्णतेची वाफ वापरतात. नागपुराजवळ कोराडी येथें ६६० मेगावॅटांचे जे नवे संच बसविले आहेत ते या जातीचे आहेत. त्यांत तेवढ्याच कोळशापासून जुन्या संचांपेक्षां अधिक वीज निघते. तरीहि कोळशाच्या उष्णतेचा निम्म्याहून अधिक भाग अशा वीजगृहाच्या मनोऱ्यांतून आणि धुराड्यांतून निघूनच जातो.

हा कर टाळतां येत नाहीं. परंतु कराच्या पैशाचा उपयोग करतां येतो. ती युक्ति साखर कारखान्यांनीं साधली आहे. आमच्या तालुक्यांत दौलतनगरला साखर कारखाना आहे, आणि कऱ्हाडपासून सांगलीपर्यंत कृष्णाकांठ तर उसाचाच. एक टन उसापासून सुमारें ३०० किलो चोथा, ज्यास बगॅस म्हणतात, तो निघतो. जुन्या काळीं तो कसा तरी जाळून संपविणें एवढाच बाष्पकाचा हेतु असे. चोथ्याचा ढीग साठला तर ठेवावा कोठें, ही चिंता. वाफेचा दाब दर चौरस सेंटीमीटरला २१ किलोंच्या आसपास असे. आतां ६७, ८७, इतकेंच नव्हे तर ११० किलो दाबाचे बाष्पक आले आहेत. ही वाफ प्रथम वीज निर्माण करते, आणि कार्नोच्या नियमाप्रमाणें जी उष्णता तिनें टाकून द्यावयाची, त्याच उरलेल्या वाफेवर उसाचा रस आटवितात. तेंच जळण दोनदां राबलें. ६७ किलो दाबावर एक टन उसाच्या चोथ्यापासून शंभर ते सव्वाशें युनिटें वीज निघूं शकते. कारखान्याची गरज भागून उरलेली बाहेर विकतात.

याच्या शेजारींच आमच्याकडचें गुऱ्हाळ पाहावें. गुळाच्या काहिलीखालचें चुलवाण बहुधा खोल खड्डा आणि एक धुराडें, इतकेंच असतें. चिपाडें उन्हांत वाळवून घालतात, ही त्यांतील शहाणपणाची गोष्ट. नैयायिकांची उपाधि गुळव्यानें ओळखली आहे. परंतु काहिलीखालून जाणारी तापलेली हवा तशीच धुराड्याकडे धांवते, आणि रसाचीं सगळीं चिपाडें त्याच रसाला आटवितांना संपतात. तीच हवा वाटेंत दुसऱ्या काहिलीखालून नेऊन पुढच्या रसाला तापविली, तर चिपाडें उरतात. अशीं दोन-तीन काहिलींचीं सुधारलेलीं चुलवाणें आहेत. त्यांचा प्रसार मात्र व्हावा तितका झालेला नाहीं. बंबाचें तत्त्व आडवें करून जमिनींत पुरावयाचें, एवढेंच काम आहे.

वीज स्वच्छ, असें आपण सर्रास म्हणतों. तेंहि जरा तपासून म्हणावें. वरील स्नानाच्या पाण्यास एका युनिटास थोडी कमी वीज लागते. ती कोयनेची असेल तर धूर कोठेंच झाला नाहीं. ती शेंकडा ३५ कार्यक्षमतेच्या कोळशाच्या वीजगृहाची असेल, तर तिच्यासाठीं सुमारें २,३०० किलोकॅलरींचा कोळसा चंद्रपूर किंवा परळीकडे जळाला. गॅसवर तेंच काम १,३०० किलोकॅलरींत झालें असतें. म्हणजे आपल्या न्हाणीघरांतून नाहींसा झालेला धूर नष्ट झाला नाहीं. तो दुसऱ्याच्या गांवीं गेला. उन्हाच्या दिवसांत छपरावरील सौर बंब हा या सर्वांहून सरस. परंतु पाटणचा पावसाळा ज्यांनीं काढला आहे, त्यांस चार महिने दुसरी सोय ठेवावीच लागेल हें सांगावयास नको.

आमच्या घरीं धुणेंभांडीं करावयास डोंगरावरील वाडीवरून एक बाई येते. २०१६ सालीं निघालेल्या उज्ज्वला योजनेंतून तिला गॅसची जोडणी मिळाली. शेगडी फडताळावर पुसून ठेविलेली असते. ती पाहुणे आले म्हणजे पेटते. टांकी संपली कीं पुन्हां भरावयास एकदम पैसे लागतात, आणि मोळीला पैसे लागत नाहींत, असें तिचें म्हणणें. मोळीला तिचे तीन तास लागतात आणि तिची मान लागते, हें मोल तिच्या घरांत कोणी धरीत नाहीं. २०१० सालीं कोयना अभयारण्य व चांदोली राष्ट्रीय उद्यान मिळून सह्याद्री व्याघ्र प्रकल्प झाला. रानांत जाण्याचे निर्बंध वाढले, आणि मोळी दूर गेली. ज्या हिशेबांत बाईचे तास, तिची मान आणि तिची छाती धरलेली नाहीं, त्या हिशेबांत लाकूड नेहमीं स्वस्तच ठरणार. आमच्या मातुःश्रींच्या वेळीं हाच हिशेब आमच्या सुशिक्षित घरांतहि चालत होता. तेव्हां त्या वाडीला नांवें ठेवण्याचा अधिकार आम्हांस नाहीं.

मग करावें काय? जेथें गॅस परवडतो तेथें स्वयंपाक त्यावरच व्हावा, आणि पुन्हां भरण्याचे पैसे दर महिन्यास थोडे थोडे बाजूस काढावेत. घरीं कामास येणाऱ्या बाईच्या पगारांत या खर्चाचा विचार करणें हें आपणांस अशक्य नाहीं. ज्या घरीं बंब किंवा चूल ठेवावयाचीच आहे, त्यांनीं लांकडें फोडून एक उन्हाळा वाळवावींत आणि पावसाळ्यापूर्वीं छपराखालीं घ्यावींत; ओल्या लाकडांतील बरीच उष्णता त्यांतील पाणी घालविण्यांत व धुरांत जाते. एकदम मोठें लाकूड न कोंबतां बारीक ढलप्या घालाव्या. भांड्यावर झांकण असावें. खालून हवा शिरण्याची वाट राखेनें बुजूं देऊं नये. धुराडें असल्यास तें महिन्यास एकदां झाडावें, आणि तें काम घरांतील पुरुषानें आपल्याकडे घ्यावें. ज्या घरीं गोठा आहे त्यांनीं शेणी थापण्यापूर्वीं गोबर-गॅसचा विचार करावा, आणि बंद पडलेली टांकी असेल तर ती कां बंद पडली हें जिनें ती वापरली तिलाच विचारावें.

शेवटीं घरांतील कर्त्या पुरुषांस एक विनंति आहे. ज्या घरीं चूल किंवा बंब अद्याप पेटतो, तेथें त्यांनीं एक दिवस पहाटे उठून तो स्वतः पेटवावा, पाणी तापेपर्यंत त्याच्यापुढें बसावें, आणि किती लाकूड घातलें तें तराजूनें तोलून लिहून ठेवावें. मग वरील रीतीनें सरपण वाळवून व हवेची वाट मोकळी करून पुन्हां एक दिवस तसेंच करावें. दोन्ही आंकडे वहींत शेजारीं शेजारीं मांडावे. लाकूड किती वांचलें तें वही सांगेल. धूर किती कमी झाला तें सांगण्यास आपले डोळे पुरेसे आहेत.